करामत, कथा आणि कलाम : जालन्याच्या एका शापकथेच्या निमित्ताने

१

दख्खनमधील मुसलमानांच्या धर्मजीवनाविषयी गेल्या दोनशे वर्षांत जे लेखन झाले, त्याचे स्थूलमानाने दोन कप्पे पडतात. एका कप्प्यात कलाम म्हणजे ईश्वरविषयक सिद्धान्तचर्चा, फिक्ह म्हणजे धर्मविधिशास्त्र आणि तसव्वुफ म्हणजे सूफी विचार यांवरील अरबी-फारसी ग्रंथांचा परामर्श येतो. दुसऱ्या कप्प्यात उरूस, संदल, ताबूत, नवस, फातिहा, ताईत आणि गंडेदोरे यांची वर्णने येतात. पहिल्या कप्प्याला ‘इस्लाम’ असे नाव मिळते. दुसऱ्याला ‘मुसलमानांचे रीतिरिवाज’ असे. पहिल्या कप्प्यात काम करणारा अभ्यासक दुसऱ्यात क्वचितच डोकावतो आणि दुसऱ्यात काम करणाऱ्याला पहिल्याची गरज फारशी वाटत नाही.

या विभागणीमागे एक गृहीतक दडलेले आहे. सिद्धान्त हा विद्वानांपाशी असतो, सामान्यांपाशी केवळ रूढी असतात. सामान्य माणूस श्रद्धा ठेवतो, परंतु त्या श्रद्धेला स्वतःची अशी विचारव्यवस्था नसते, असे हे गृहीतक आहे. ते एकदा मान्य केले की सामान्य मुसलमानाच्या श्रद्धेचे स्पष्टीकरण तिच्याबाहेर शोधणे क्रमप्राप्त ठरते. मग कोणी ती पूर्वीच्या हिंदू संस्कारांचा अवशेष मानतो, कोणी अज्ञानाचा परिणाम मानतो, तर कोणी सामाजिक सलोख्याचे साधन. ती एक धर्मविचार आहे, ही शक्यता मात्र विचारातच घेतली जात नाही.

प्रस्तुत निबंधात या गृहीतकाचा इतिहास तपासायचा आहे. त्यासाठी कसोटी म्हणून जालना शहराशी निगडित असलेली सतराव्या शतकातील एक करामतकथा घेतली आहे. प्रतिपादन थोडक्यात असे की, करामतकथा हीच सामान्यांच्या धर्मसिद्धान्ताची संहिता असते. तिच्यात गृहीत धरलेली विधाने मदरशांत शतकानुशतके शिकवल्या गेलेल्या अकीद्याशी, म्हणजे श्रद्धासूत्रांशी, मुळातच जुळलेली असतात. अभ्यासकांनी कथेला रूढीच्या कप्प्यात टाकल्यामुळे हे नाते त्यांच्या नजरेतून निसटले.

२

कुंडलिका नदीच्या काठी वसलेले जालना, म्हणजेच बखरींतील जालनापूर, ही मोगलांच्या दख्खन सुभ्यातील एक संपन्न बाजारपेठ होती. नदीपलीकडील कादराबाद हे तिचे जोडगाव. निजामशाही अमदानीत जमशेदखानाने बांधलेली काळी मशीद या गावाच्या जुन्या वैभवाची साक्ष देते. तत्कालीन औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांचे तालुके घेऊन १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जालना जिल्हा झाला; पण त्याच्या कितीतरी आधीपासून हे शहर व्यापारी, विणकर, सैनिक आणि फकीर यांच्या ये-जा करण्याच्या वाटेवर होते.

१६७९ च्या नोव्हेंबरमध्ये शिवाजी महाराजांच्या सैन्याने जालनापूरची पेठ लुटली. सभासदाच्या बखरीत या मोहिमेचा आणि परतीच्या वाटेवर रणमस्तखानाशी झालेल्या लढाईचा वृत्तान्त येतो. त्या लढाईत सिधोजी निंबाळकर पडले. बखरीचे लक्ष अर्थातच राजकारणाकडे आणि रणाकडे आहे. याच घटनेला जोडून खाफीखानाने आपल्या ‘मुन्तखब-उल्-लुबाब’ या फारसी इतिहासग्रंथात एक वेगळी हकीकत दिली आहे. जालन्याच्या बाहेर सय्यद जान मुहंमद नावाच्या दरवेशाचा तकिया होता. लुटीच्या बातमीने भ्यालेले धनिक आपला पैसाअडका आणि दागिने घेऊन या तकियाच्या आश्रयाला गेले. सैनिकांना याचा सुगावा लागला. त्यांनी तकियात शिरून आश्रितांना लुटले, काहींना जखमी केले. दरवेशाने त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्याचाही अवमान झाला. त्याने शाप दिला, आणि पुढे पाच महिन्यांच्या आत, ३ एप्रिल १६८० रोजी, महाराजांचे निधन झाले. त्याचा संबंध लोकांनी या शापाशी जोडला. जदुनाथ सरकारांनी आपल्या शिवचरित्रात (१९१९) ही हकीकत घेतली आणि शापाचा भाग लोकसमजूत म्हणून नोंदवला.

इतिहासकाराच्या दृष्टीने सरकारांची ही कृती योग्यच होती. शाप हे मृत्यूचे ऐतिहासिक कारण होऊ शकत नाही. शिवाय खाफीखान घटनेनंतर कित्येक दशकांनी लिहीत होता. मोगल दरबाराचा आणि पुढे आसफजाही घराण्याचा त्याचा पक्षपात सर्वज्ञात आहे. तेव्हा ‘असे घडले का?’ या प्रश्नाच्या संदर्भात या कथेचे मूल्य मर्यादित आहे. परंतु ‘लोकसमजूत’ हा शब्द उच्चारला की आपले काम संपले, असे मानणे ही इतिहासलेखनाची एक सवय झाली आहे. वास्तविक खरे काम तेथूनच सुरू व्हायला हवे. ही समजूत नेमकी कोणती? ती कोणत्या विधानांवर उभी आहे? आणि ती ज्यांना पटली, त्यांना ती का पटली?

३

कथेची रचना पाहिली तर तिच्यात तीन विधाने गृहीत धरलेली दिसतात. पहिले, दरवेशाचा तकिया हे पनाहस्थान आहे. जो तेथे येतो तो दरवेशाच्या आश्रयाला येतो आणि त्याच्यावरील अतिक्रमण हे दरवेशावरील अतिक्रमण ठरते. दुसरे, ईश्वराच्या निकटवर्ती माणसाची प्रार्थना स्वीकारली जाते. तिसरे, अन्यायाचे फळ मिळते, आणि ते ऐहिक सत्तेच्या उंचीकडे पाहून थांबत नाही.

या तीनही विधानांना आपण सामान्यतः ‘लोकश्रद्धा’ म्हणतो. आता जरा दुसऱ्या कप्प्याकडे वळू. मध्य आशियातील हनफी पंडित नज्मुद्दीन उमर नसफी (मृत्यू ११४२) यांनी रचलेला श्रद्धासूत्रांचा छोटा ग्रंथ आणि त्यावर सादुद्दीन तफ्ताजानी (मृत्यू १३९०) यांनी लिहिलेले भाष्य यांना भारतीय मदरशांच्या अभ्यासक्रमात दीर्घकाळ मानाचे स्थान राहिले आहे. अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगीमहलमध्ये सिद्ध झालेल्या ‘दर्स-ए-निजामी’ या पाठ्यक्रमातही हे भाष्य आहे. या सूत्रांत स्पष्ट म्हटले आहे की, वलींच्या करामती सत्य आहेत. निसर्गाचा नेहमीचा क्रम मोडून त्या प्रकट होतात. आणि ज्या पैगंबराचा तो वली अनुयायी आहे, त्या पैगंबराच्या सत्यतेचीच ती एक खूण असते. याच सूत्रांत ईश्वर प्रार्थना ऐकतो आणि गरजा पुरवतो असे म्हटले आहे. जिवंतांनी मृतांसाठी केलेल्या प्रार्थनेचा आणि दानाचा मृतांना लाभ होतो, हेही त्यांतच आहे. अन्यायग्रस्ताच्या हाकेत आणि ईश्वरात कोणताही पडदा नसतो, हे वचन तर बुखारींच्या हदीससंग्रहातील आहे.

याचा अर्थ जालन्याच्या पेठेत ही कथा सांगणाऱ्या माणसाने तफ्ताजानींचे भाष्य वाचले होते, असा नव्हे. पण जुम्याच्या खुतब्यात, पीराच्या मजलिसीत, मौलूदच्या पठणात, कव्वालीत आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात ही विधाने त्याच्यापर्यंत पोहोचलेली होती. ती सूत्ररूपाने न येता कथारूपाने आली, एवढाच फरक. मुअजिजा हा पैगंबराचा आणि करामत ही वलीची, असा भेद शास्त्रकार करतात. गावातील माणूस पैगंबराविषयी जे बोलतो ते पीराविषयी बोलत नाही. शास्त्रकाराचा भेद तो भाषेच्या वापरातून पाळत असतो.

या कथेचे आणखी एक अंग दुर्लक्षिता येण्यासारखे नाही. खाफीखान महाराजांविषयी कठोर शब्द वापरतो. तरीही मशिदी, कुराण आणि स्त्रिया यांना उपद्रव देऊ नये असा त्यांचा दंडक होता, हे त्यानेच नोंदवून ठेवले आहे. जालन्याच्या कथेला जी धार येते ती या पार्श्वभूमीवर. पवित्र स्थानांचा मान राखला जाईल, ही अपेक्षा असल्याखेरीज धनिक मंडळी तकियाकडे धावलीच नसती. म्हणजे कथेच्या मुळाशी हिंदू राजा आणि मुसलमान साधू असा संघर्ष नाही. सर्वमान्य संकेताचा एका प्रसंगी झालेला भंग आहे.

करामतकथांचे व्याकरण पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. सत्ता आणि फकिरी यांच्या संघर्षाचा हाच साचा मुसलमान सुलतानांच्या बाबतीतही वापरला गेला आहे. हजरत निजामुद्दीन औलियांवर रुष्ट झालेला गियासुद्दीन तुघलक बंगालच्या मोहिमेहून परतताना दिल्लीच्या वेशीशी आला आणि १३२५ मध्ये मंडप कोसळून मेला. त्याला दिल्ली दूरच राहिली, ही कथा सर्वपरिचित आहे. कथेच्या दृष्टीने सुलतानाचा धर्म गौण आहे. दरवेशाच्या अधिकारासमोर सत्तेचा अधिकार अपुरा आहे, हा तिचा सिद्धान्त आहे. हिंदू-मुसलमान संघर्षाचा पुरावा म्हणून जालन्याची कथा पुढे करणारा आणि त्याच कारणाने ती दडपू पाहणारा, हे दोघेही तिचे व्याकरण चुकीचे वाचतात.

४

असे वाचन विद्वानांना सुचले का नाही, हे समजण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाकडे जावे लागते. १८३१ मध्ये गार्सां द तासी या फ्रेंच पंडिताने भारतातील मुसलमान धर्माच्या वैशिष्ट्यांवर एक प्रबंध प्रसिद्ध केला. हिंदुस्तानी भाषेतील ग्रंथांच्या आधारे, भारतात पाऊलही न ठेवता, त्याने भारतीय मुसलमानांचे सण आणि संत यांचे वर्णन केले. अरबस्तानातील इस्लामपेक्षा भारतातील इस्लाम कोणत्या बाबतींत वेगळा आहे, हा त्याचा प्रश्न होता. प्रश्नाच्या या मांडणीतच उत्तर ठरून गेले होते. जे अरबस्तानात आहे ते मूळ, जे येथे अधिकचे आहे ते स्थानिक, आणि स्थानिक म्हणजे बहुतांशी हिंदू.

पुढच्याच वर्षी, १८३२ मध्ये, लंडनमध्ये ‘कानून-ए-इस्लाम’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दख्खनमधील सामान्य मुसलमानांच्या धर्मजीवनाचा हा पहिला विस्तृत अभ्यास. त्याचा कर्ता जाफर शरीफ हा आंध्रातील एलुरूचा. मद्रास सरकारच्या सेवेतील शल्यवैद्य हर्क्लॉट्स याच्या सांगण्यावरून त्याने तो दखनीत लिहिला आणि हर्क्लॉट्सने इंग्रजीत आणला. जन्मापासून मृत्यूपर्यंतचे संस्कार, वर्षाच्या बारा महिन्यांतील सण, नजर-नियाज, आणि शेवटी दावत म्हणजे मंत्रप्रयोग व ताईतांची विद्या असा त्याचा क्रम आहे. छट्टी, अकीका, बिस्मिल्ला, निकाह, मुहर्रमचे पंजे आणि ताबूत, शबे-बरात, पीरांचे उरूस यांचे इतके बारकाईने केलेले वर्णन त्यापूर्वी झालेले नव्हते. मद्रास पलटणींच्या छावण्या ज्या दख्खनी गावांत पडल्या त्यांत जालनाही होते. सैनिक, त्यांची कुटुंबे, बाजारबुणगे, कारागीर असा जो मुसलमान समाज या छावण्यांभोवती होता, त्याच्याच जीवनाशी मिळतेजुळते हे चित्र आहे.

जाफर शरीफची भूमिका लक्षणीय आहे. तो स्वतः शिकलेला, श्रद्धाळू मुसलमान होता. अमुक प्रथा कुराण-हदीसला धरून आहे, अमुक नाही, असा निवाडा तो जागोजाग करतो. म्हणजे त्याच्या लेखनात वर्णन आणि धर्मचर्चा एकत्र नांदतात. तो चर्चेत भाग घेत वर्णन करतो. परंतु ग्रंथाची रचना अशी आहे की वाचकाच्या मनावर विधींचा तपशील ठसतो आणि विधींमागची कारणमीमांसा विरून जाते. फातिहा देताना कोणते अन्न असावे हे कळते. अन्न गरिबाच्या मुखी गेल्यावर त्याचे सवाब म्हणजे पुण्य मृताच्या नावे कसे जाते, हा नसफींच्या सूत्राशी जोडलेला विचार ओझरता राहतो. १९२१ मध्ये विल्यम क्रुक याने ग्रंथाची नवी आवृत्ती काढली. तीत त्याने मजकुराची फेरमांडणी केली, तुलनात्मक टिपांची भर घातली आणि शीर्षक केले ‘भारतातील इस्लाम’. एका दख्खनी मुसलमानाने स्वधर्मीयांशी घातलेला वाद अशा रीतीने मानवशास्त्राची सामग्री होऊन बसला.

५

याच काळात मुसलमान समाजाच्या आतही एक मोठा वाद चालू होता, आणि त्याचेही पडसाद अभ्यासकांच्या दृष्टीवर उमटले. शाह इस्माईल देहलवी यांनी १८२० च्या दशकात ‘तक्वियतुल-ईमान’ लिहून पीरपूजा, नवस आणि मध्यस्थाची कल्पना यांवर प्रखर टीका केली. १८६६ मध्ये स्थापन झालेल्या देवबंदच्या परंपरेतून आलेले अश्रफ अली थानवी (मृत्यू १९४३) यांनी ‘इस्लाहुर्रुसूम’ आणि ‘बहिश्ती जेवर’ या ग्रंथांत रूढींची चिकित्सा केली. दुसऱ्या बाजूला बरेलीच्या अहमद रजा खान (१८५६–१९२१) यांनी वसीला म्हणजे वलीच्या मध्यस्थीने ईश्वराकडे मागणे, फातिहा आणि उरूस यांचे शास्त्रप्रमाणांच्या आधारे समर्थन केले.

येथे एक गोष्ट अधोरेखित करायला हवी. हा वाद शास्त्री विरुद्ध अडाणी असा नव्हता. दोन्ही बाजूंना आलिम होते, दोन्ही बाजू कुराण, हदीस आणि हनफी परंपरेचा दाखला देत होत्या. प्रश्न मध्यस्थीच्या स्वरूपाचा होता. वलीकडे मागणे आणि वलीच्या नावाने ईश्वराकडे मागणे यांत अंतर आहे काय? असल्यास ते सामान्य माणसाच्या मनात टिकून राहते काय? हे अस्सल कलामचे प्रश्न आहेत. परंतु बाहेरच्या अभ्यासकांनी सुधारकांच्या बाजूचा निष्कर्ष तेवढा उचलला आणि पीरश्रद्धा ही इस्लामबाह्य आहे हे ‘मुसलमान विद्वानांचेच मत’ म्हणून प्रस्थापित केले. समर्थकांचा युक्तिवाद रूढीचे समर्थन म्हणून बाजूला पडला.

मराठीतील संशोधनाने याहून वेगळी वाट धरली. सेतुमाधवराव पगडी यांचे सूफी संप्रदायावरील विवेचन आणि रा. चिं. ढेरे यांचे ‘मुसलमान मराठी संतकवी’ (१९६७) या ग्रंथांनी एका विस्मृत परंपरेला मराठी वाङ्मयेतिहासात स्थान मिळवून दिले. श्रीगोंद्याचे शेख महंमद, त्यांचा शके १५६७ मधील ‘योगसंग्राम’, त्यांचे गुरू चांद बोधले आणि कादिरी सूफी परंपरेशी असलेले त्यांचे नाते यांचा ढेरे यांनी घेतलेला मागोवा आजही मार्गदर्शक आहे. तथापि या अभ्यासपरंपरेचे केंद्र संतकवी हे आहे आणि तिची कसोटी भक्ती ही आहे. मुसलमान कवी जितका वेदान्ताच्या परिभाषेजवळ येतो, तितका तो या परंपरेला आपला वाटतो. त्याच्या दारी फातिहा देणारा, शबे-बरातला कबरीवर दिवा लावणारा, मुहर्रमला सवारी खांद्यावर घेणारा सामान्य मुसलमान या चित्राच्या कडेला राहतो. आणि उल्लेख झालाच तर ‘समन्वया’चा साक्षीदार म्हणून होतो.

समन्वय हा शब्द सदिच्छेने वापरला जातो, परंतु विश्लेषणाच्या दृष्टीने तो फसवा आहे. जालना जिल्ह्यातीलच जांब या गावी १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांच्या मनाच्या श्लोकांच्या धर्तीवर शाह तुराब या चिश्ती सूफीने अठराव्या शतकात, दूर तमिळ मुलखात, दखनी भाषेत ‘मन समझावन’ रचले. याला समन्वय म्हटले की विषय संपतो. परंतु मनाला उपदेश करण्याची ही रीत एका चिश्ती सूफीला आपल्या कामाची का वाटली? सूफी विचारातील नफ्स, म्हणजे ज्याच्याशी साधकाला आयुष्यभर झगडावे लागते तो जीवभाव, आणि रामदासांचे मन यांत त्याला कोणते साम्य जाणवले? या प्रश्नांची उत्तरे दोन्ही धर्मविचार स्वतंत्रपणे ओळखल्याशिवाय मिळत नाहीत. दोन्हींना आधीच एकत्र मिसळून टाकले तर देवघेव झाली हे तेवढे कळते; कशाची झाली ते कळत नाही.

६

समाजशास्त्रात हा प्रश्न थेटपणे उपस्थित झाला तो १९८० च्या दशकात. इम्तियाज अहमद यांनी संपादित केलेल्या, भारतातील मुसलमानांचे विधी आणि धर्म या विषयावरील ग्रंथात (१९८१) असे मांडले गेले की, शास्त्रीय इस्लाम आणि स्थानिक प्रथा भारतात एकमेकांना पूरक होऊन सहअस्तित्वाने राहतात. फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९८३ मध्ये त्याला उत्तर दिले. कुराण आणि हदीस यांतून उभा राहणारा आदर्श जीवनाचा नमुना उलेमा आणि सूफी सतत समाजापुढे ठेवतात, आणि दीर्घ काळात त्या नमुन्याकडे समाजाची वाटचाल होते, असे त्यांचे म्हणणे. वीणा दास यांनी १९८४ मध्ये या वादात हस्तक्षेप करून ‘लोकधर्मशास्त्र’ ही संकल्पना पुढे मांडली. श्रद्धाळू माणसे स्वतः आपल्या धर्माचा अर्थ लावत असतात. खरा इस्लाम कोणता हे अभ्यासकाने आधीच ठरवून टाकले तर त्या अर्थनिर्णयनाकडे त्याचे लक्षच जात नाही, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. दोन वर्षांनी तलाल असद यांनी इस्लाम ही एक चर्चापरंपरा आहे असे सूत्र दिले. मुसलमान जसे कुराण-हदीसपासून आरंभ करतात तसाच अभ्यासकानेही करावा, असे त्यांनी सुचवले.

या वादाचा साहित्याभ्यासकाला एक विशेष उपयोग आहे. लोकधर्मशास्त्र असेल तर त्याची संहिता कोठे शोधायची, हा प्रश्न समाजशास्त्रज्ञांनी पुरेसा सोडवलेला नाही. त्याचे एक उत्तर रिचर्ड ईटन यांच्या विजापूरच्या सूफींवरील ग्रंथात (१९७८) मिळते. जात्यावर दळताना, चरख्यावर सूत कातताना, बाळाला जोजवताना म्हणायची दखनी गाणी, म्हणजे चक्कीनामा, चरखानामा, लोरीनामा, हे इस्लामी कल्पना घरोघरी पोहोचण्याचे माध्यम होते, असे त्यांनी दाखवले. जात्याच्या खुंट्यात अल्लाच्या नावातील अलिफ पाहायचा, मधल्या खिळीत पैगंबर पाहायचा, आणि दळण्याच्या लयीत जिक्र म्हणजे नामस्मरण करायचे, अशी या गाण्यांची कल्पनासृष्टी आहे. ज्या मराठी वाचकाला जात्यावरच्या ओवीचे सामर्थ्य ठाऊक आहे, त्याला यात नवल वाटू नये. धर्मविचार हा श्रमाच्या लयीतून स्त्रियांच्या स्मरणात रुजतो, हे ओवीने आपल्याला आधीच शिकवले आहे.

जात्याचे गाणे आणि करामतकथा या दोहोंचे कार्य मात्र वेगवेगळे आहे. गाणे ईश्वराचे सान्निध्य शिकवते. कथा न्यायाची खात्री देते. कार्ल अर्न्स्ट यांनी खुलदाबादच्या चिश्ती परंपरेवरील आपल्या ग्रंथात (१९९२) संतांच्या जीवनकाळातील मल्फूजात, म्हणजे संभाषणांच्या नोंदी, आणि नंतरच्या काळातील चरित्रकथा यांत मोठे अंतर पडलेले दाखवले आहे. बुऱ्हानुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) यांच्या मजलिसींत आदब, तौबा आणि प्रेम यांवरील चर्चा आहे. उत्तरकालीन कथांत चमत्कार आहेत. या अंतराला ऱ्हास म्हणण्याचा मोह होतो. परंतु दोन्हींचा श्रोता वेगळा आहे. मजलिसीतील शिष्याला साधनेचा मार्ग हवा होता. पेठेतील माणसाला आपले रक्षण कोण करील, हे जाणून घ्यायचे होते. एकाच परंपरेतील सिद्धान्त त्या त्या श्रोत्याच्या गरजेनुसार वेगळ्या वाङ्मयप्रकारात उतरला, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

७

या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. सामान्यांच्या श्रद्धेला धर्मशास्त्राचा दर्जा दिला की तिच्यातील शोषणाकडे काणाडोळा होतो, असा तो आक्षेप. हमीद दलवाई (१९३२–१९७७) यांनी मुस्लिम मनाची चिकित्सा केली आणि १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली, ती मुसलमान समाजाच्या वाट्याला आलेल्या अशा गौरवीकरणाला कंटाळूनच. ताईत विकून उपजीविका करणारा, आजारी माणसाला वैद्याऐवजी झाडफुंक करणाऱ्याकडे नेणारा व्यवहार समर्थनीय नाही, हे येथे निःसंदिग्धपणे म्हटले पाहिजे. परंतु एखाद्या श्रद्धेत विचार आहे असे म्हणणे म्हणजे तो विचार योग्य आहे असे म्हणणे नव्हे. उलट, विचार म्हणून ओळखल्यावरच तिच्याशी वाद घालता येतो. अवशेषाशी किंवा अज्ञानाशी वाद घालता येत नाही. ते फक्त पुसून टाकता येतात. दलवाईंचा आग्रह शेवटी मुसलमानाला विचार करणारा नागरिक म्हणून संबोधण्याचा होता, आणि त्या आग्रहाशी प्रस्तुत भूमिका विसंगत नाही.

हा प्रश्न केवळ विद्यापीठीय नाही. आज मराठवाड्याच्या गावात दर्ग्यावर चादर चढवणाऱ्या मुसलमानाला दोन दिशांनी दोन गोष्टी सांगितल्या जातात. आतून शुद्धीकरणाचा आग्रह धरणारा म्हणतो, हे सोडून दे, हे इस्लाममध्ये नाही. बाहेरून त्याला आपलासा करू पाहणारा म्हणतो, हे धरून ठेव, कारण हेच तुझे इस्लामपूर्व खरे रूप आहे. उपदेश परस्परविरोधी असला तरी दोघांचे गृहीतक एकच आहे: दर्ग्यापुढे उभा असलेला हा माणूस जे करतो ते त्याच्या धर्माचे नाही. गार्सां द तासीने १८३१ मध्ये आखलेली सीमारेषा आज राजकारणाची सीमारेषा होऊन बसली आहे. ज्या माणसाबद्दल हा वाद चालतो, त्याला देणारा अल्ला आहे आणि पीर त्याच्यासाठी मागतो, हे नीट ठाऊक असते. हे वाक्य कलामचे आहे. ते कोणी मान्य करो अथवा न करो, ते अडाण्याचे वाक्य नाही.

मराठी समीक्षेने या ठिकाणी काही काम हाती घ्यायला हवे. महिपतींच्या ‘भक्तविजया’तील (१७६२) चमत्कार आपण आता केवळ भाबडेपणा म्हणून वाचत नाही. भक्तीचा सिद्धान्त कथेच्या रूपाने सांगणारी रचना म्हणून त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी आपल्याकडे विकसित झाली आहे. महिपतींनी त्याच ग्रंथात शेख महंमदांनाही स्थान दिले आहे, हे येथे स्मरणीय आहे. हीच दृष्टी दख्खनच्या करामतकथांकडे वळवायची तर अभ्यासकाला दखनी आणि फारसी संहितांबरोबर नसफींची सूत्रेही वाचावी लागतील, आणि दर्ग्याच्या आवारात सांगितल्या जाणाऱ्या कथा त्याच गांभीर्याने ऐकाव्या लागतील. एका हाती अकीदा आणि दुसऱ्या हाती कथा घेऊन वाचले, तर दोन कप्प्यांमधली भिंत किती उशिरा आणि कोणाच्या सोयीसाठी उभी राहिली, हे आपोआप दिसू लागेल.

जालन्याच्या कथेने महाराजांच्या मृत्यूचे कारण सांगितले नाही. ते सांगण्याची तिची योग्यताही नाही. तिने सांगितले ते एवढेच की, लुटीच्या दिवशी निःशस्त्र माणसाला उभे राहायला एक जागा असली पाहिजे, आणि ती जागा मोडणाऱ्याला, तो कितीही थोर असो, जाब द्यावा लागतो. सतराव्या शतकातील एका बाजारगावाने आपल्या धर्मातून निवडलेला हा सिद्धान्त आहे. त्याचा इतिहास लिहायचा असेल, तर ‘लोकसमजूत’ या शब्दाशी थांबून चालणार नाही.